होडीच्या पोटातलं इंजिन

दक्षिणेचा वारा असला की वसईच्या खाडीवरचा आवाज आमच्या उमेळ्यापर्यंत येतो. मधे भातशेती, मग मिठागरं, मग तिवरं. आवाज अडवायला काही नाही. बाबांच्या होडीचं इंजिन आई त्या आवाजावरून ओळखायची. दोन सिलेंडरचं जुनं डिझेल इंजिन. एक ठोका भरीव, एक पोकळ. तो कानावर आला की आई तवा चुलीवर ठेवायची, आणि बाबा दारात येईपर्यंत तांदळाची पहिली भाकरी फुगलेली असायची.

ते इंजिन होडीतून उतरवायचं की जागच्या जागी दुरुस्त करायचं, यावरून गेल्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ आणि आमचे मामा यांच्यात दोन महिने वाद चालला. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन उजेडासाठी बॅटरी धरायची, त्यामुळे तो बराचसा माझ्यासमोर झाला. मामा सत्तरीच्या पुढचे. तरुणपणी शिडाच्या होडीवर होते, नंतर सगळं आयुष्य खाडीतल्या मच्छीमार होड्यांची आणि रेतीच्या बोटींची इंजिनं उघडण्यात गेलं. धाकटा मुंबईला असतो. गेटवेसमोर नांगरलेल्या शिडाच्या बोटी दिसतात ना, त्यांची देखभाल करतो. बाबा गेल्यावर होडी त्याच्याकडे आली आणि त्याच्या मनात एकच होतं, तिच्यावर पुन्हा शीड चढवायचं.

मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून, बांबू आणि ताडपत्री टाकून शाकारलेल्या असतात. आमचीही तशीच होती. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता आणि आत दोघं इंजिनाच्या दोन बाजूंना बसले होते.

"इंजिनाला झालंय काय?" मामांनी सुरुवात केली. "रिंगा गेल्यात, नोझल गळतंय. लायनर बदल, हेड फेस करून आण, नोझल कॅलिब्रेट कर. गोपाळकाल्यापर्यंत होडी दर्यात. उतरवायचं कशाला?"

"मामा, लायनर-रिंगांचा प्रश्न असता तर मी तुम्हाला विचारलंही नसतं, तुमच्याच हातात पाना दिला असता. ब्लॉक गेलाय."

"ब्लॉक गेला म्हणजे? बिडाचा ब्लॉक आहे तो."

"बिडाचा आहे म्हणूनच. हे इंजिन तीस-पस्तीस वर्षं थेट खाडीचं पाणी प्यायलंय. आतून बघितलंय का कुणी?"

हा मुद्दा वाचकांसाठी थोडा उलगडते. होडीतली जुनी इंजिनं थंड ठेवायची सोपी रीत होती: बाहेरचं खारं पाणी पंपाने ओढायचं, सिलेंडरभोवतीच्या पोकळीतून फिरवायचं आणि बाहेर फेकायचं. खारं पाणी साठ अंशांच्या पुढे तापलं की त्यातले क्षार भिंतींवर बसायला लागतात. म्हणून असं इंजिन मुद्दाम थोडं थंडच चालवतात, आणि थंड चाललेलं डिझेल इंजिन काजळी धरतं. शिवाय मीठ बीड खात राहतं ते वेगळंच. वसईच्या खाडीत तर पाण्याबरोबर उल्हास नदीचा गाळ येतो. पंपाचं रबरी इम्पेलर त्या गाळाने घासून जातं. नव्या इंजिनात आतलं गोडं पाणी बंद वळणात फिरतं आणि खारं पाणी फक्त एका नळकांड्यात येऊन त्याची उष्णता उचलून नेतं. तिथे जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. मीठ आधी जस्त खातं, तुकडा संपला की बदलायचा. तो बदलायचा विसरलात तर पुढचा घास नळकांड्याचा.

"नवं इंजिन मला ठाऊक आहे," मामा म्हणाले. "बिघडलं की मुंबईहून माणूस येतो, लॅपटॉप जोडतो आणि सांगतो पार्ट मागवा. हे इंजिन भर दर्यात, एका पान्यावर, मी तुझ्या बापाला सुरू करून दिलंय. बॅटरी उतरली तर हँडल मारलं."

"आपल्याला लागतं तेवढ्या आकाराची बरीच इंजिनं अजून साध्या मेकॅनिकल पंपाचीच आहेत मामा. हवा, डिझेल, कॉम्प्रेशन. हवा विसाव्या हिश्श्यात दाबली की पाचशे अंशांच्या वर तापते, त्यात डिझेलचा फवारा पडला की पेटतो. ते काही बदललेलं नाही. हँडल मात्र मिळणार नाही, ते कबूल."

मामांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी पिशवीतून छोटी हातोडी काढली आणि ब्लॉकच्या बाजूने वरपासून खालपर्यंत हलके ठोके मारत गेले. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून बघतो तसे. टण, टण, टण. एका जागी, मागच्या सिलेंडरच्या खाली, आवाज बसका झाला. त्यांनी तिथे पुन्हा मारून बघितलं. मग पेचकस टेकवून तळव्याने नुसतं दाबलं. हिरव्या रंगासकट रुपयाएवढं खवलं सुटलं आणि त्यामागून गंजलेलं पाणी धारेने खाली आलं. मी बॅटरी तिथेच धरून राहिले. बराच वेळ कुणी बोललं नाही.

"काढ," मामा म्हणाले.

वाद तिथे मिटला असं मला वाटलं. पण इंजिन काढायचं ठरल्यावरच खरा प्रश्न उभा राहिला: त्या जागी काय बसवायचं, आणि ते कशासाठी?

धाकट्याच्या डोळ्यासमोर शीड होतं. "इंजिन लागतं ते खाडीत शिरताना, धक्क्याला लागताना, वारा पडला तर. बाकी होडी शिडावर. मामा, 'सुहेली' माहिताय ना? आपल्या मुंबईत बांधलेली, सागाची, बत्तीस फुटी. म्हणजे आपल्या होडीएवढीच. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ ला तिच्यावर एकटा निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला परत पोचला. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीला फेरी मारणारा पहिला माणूस. शर्यत होती ती. नऊ जण निघाले होते, तो एकटा पोचला. आणि वाटेत त्याचं इंजिन जाम झालं होतं! इंजिन नसताना फेरी पूर्ण झाली."

"जाम का झालं?"

"चालवलं नव्हतं. खारी हवा, गंज."

"मग?" मामा म्हणाले. "तू सांगतोस इंजिन नसलं तरी चालतं. मला त्यात दिसतं की इंजिन चालवलं नाही तर मरतं. तू शिडावर फिरणार आणि नवंकोरं इंजिन पोटात नुसतं ठेवणार. तीन वर्षांनी मीच येईन ते सोडवायला, जगलो तर."

एकाच गोष्टीतून दोघांनी दोन धडे काढले आणि दोन्ही खरे होते. शिडाच्या बोटीतलं इंजिन राबून जितकं झिजतं त्याहून जास्त पडून राहून सडतं. धाकट्याने ते मुकाट्याने मान्य केलं. आठवड्यातून एकदा, होडी बांधलेली ठेवून, गिअरमध्ये टाकून, पाणी पुरतं तापेपर्यंत इंजिन चालवायचं असं वहीत लिहून ठेवलं. नुसतं मोकळं, बिनओझ्याचं फिरवलं तर काजळीच धरते.

पण मामांच्या बोलण्यात एक कडवटपणा होता. तो इंजिनाबद्दल नव्हता. शिडाबद्दल होता. मी विचारलं, "मामा, तुम्ही तर शिडावर वाढलात. तुम्हाला आनंद व्हायला हवा."

"कोणाला आनंद? शिडाचं कौतुक ज्याने परबाणाची काठी ओढली नाही त्याला." त्यांनी तळवे पुढे केले. "मी चौदा वर्षांचा होतो. डोल जाळं ओढून परत येत होतो. खाडीच्या तोंडाशी वारा पडला आणि सुकती लागली. सुकतीने होडी बाहेर ओढली. सहा तास बाहेर, भरती लागली की वल्ही मारत आत, पोचायच्या आत पुन्हा सुकती. दोन रात्री पाचूबंदर डोळ्यांना दिसत होतं. बर्फ कुठला तेव्हा? बोंबील कुजले. होडीत असा वास की माझा बाप, तुझ्या आईचा बाप, ओकत ओकत मासळी परत दर्यात टाकत होता. पुढे सरकारी कर्जावर आमच्या होडीला इंजिन बसलं तेव्हा म्हातारीने इंजिनाला हळदकुंकू लावलं होतं. तू इंजिन उतरवताना शीड शीड म्हणून नाचू नकोस."

धाकटा हे पहिल्यांदाच ऐकत होता. मीही.

या किनाऱ्यावर होड्यांना इंजिनं बसली ती मुख्यतः स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत. मत्स्यखात्याने कर्ज आणि अनुदान दिलं, सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. सातपाटी, अर्नाळा, वसई, उत्तन: सगळीकडे आधी शिडासाठी बांधलेल्या होड्यांच्याच पोटात इंजिनं गेली. म्हणजे होडी आधीची, इंजिन मागून आलेलं. तिचा घाट वाऱ्यासाठी घडलेला. या एका गोष्टीवर पुढचा सगळा वाद उभा होता, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

"किती घोड्यांचं घेतोयस?" मामांनी विचारलं.

"चाळीस. सुकती कापायला ताकद हवी. तुमचीच गोष्ट."

"चाळीस घोडे लावलेस तरी ही होडी पळणार नाही. एका वेगाच्या पुढे ती आपल्याच लाटेत बसते. मागचा भाग खाली जातो, नाळ वर उचलते, आणि सगळं डिझेल फेस काढण्यात जातं. रेतीवाल्यांनी करून बघितलंय हे."

मामा जे डोळ्याने बघून सांगत होते त्याला हिशेब आहे, आणि तो धाकट्याला पाठ होता. पाणी कापत जाणाऱ्या जड होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, १.३४ ने गुणायचं. येईल तितके नॉट. आमची होडी पाण्यात पंचवीस फूट. वर्गमूळ पाच. पावणेसात नॉटही पुरते होत नाहीत. त्याच्या पुढे कितीही हॉर्सपॉवर ओता, होडी फक्त लाट मोठी करते. ताकदीचा कच्चा हिशेब टनाला चार हॉर्सपॉवर. आमची होडी सहा टनांच्या आसपास. चोवीस. धाकट्याने वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले, खोडले, आणि तीस हॉर्सपॉवरच्या आतलं इंजिन ठरलं. जुन्यापेक्षा किती तरी हलकं.

मी मधेच विचारलं, बॅटरीवर का नाही? केरळात २०१७ पासून वैक्कम-तवणक्कडव फेरीवर 'आदित्य' नावाची सौर बोट पंचाहत्तर माणसं घेऊन जाते-येते. धाकट्याने लगेच सांगितलं: लिटरभर डिझेल जाळून होडीच्या पंख्याला जेवढं काम मिळतं तेवढ्यासाठी लिथियमच्या वीस किलो बॅटऱ्या लागतात. वीस लिटरचं काम करायचं तर चारशे किलो. पाणजू बेटाच्या तरीला हे उत्तम. ठरलेला वेळ, ठरलेलं अंतर, दर फेरीनंतर काठाला टेकायचं. आपण खाडीबाहेर जाणार आणि परत कधी येऊ ते वारा ठरवणार. मामांनीही मान डोलावली. मला स्वतःला मात्र खाडीतल्या तरींसाठी ही गोष्ट लवकर व्हावी असं मनापासून वाटतं. वसई-भाईंदर रो-रो २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली तेव्हा इतक्या वर्षांनी लोकांना पुन्हा पाण्यावरून जाताना बघून बरं वाटलं होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, उघाड बघून, इंजिन उतरवलं.

आधी बॅटरीची वायर सोडली. खाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला. डिझेलचा कॉक बंद. प्रत्येक वायर आणि नळी सोडताना धाकटा तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावून नाव लिहीत होता. मामांना हे नवीन होतं; त्यांच्या डोक्यातच सगळ्या वायरी असत. मग तळातलं पाणी उपसायची वेळ आली. मामांनी सवयीने डबा बुडवला आणि बाहेर फेकायला हात उचलला.

"मामा, नको."

"काय नको?"

"तेल आहे त्यात. कॅनमध्ये ओता."

"आजवर सगळे टाकतात खाडीत."

"हो. आणि तुम्हीच म्हणता पूर्वीसारख्या चिंबोऱ्या राहिल्या नाहीत."

होडीच्या बाजूला, चिखलात, तिवराच्या मुळांमधल्या डबक्यावर आधीच सांडलेल्या तेलाची रंगीत साय धरली होती आणि एक निवटी त्या सायीतून डोळे वर काढून आमच्याकडे बघत होती. मामांनी तिकडे पाहिलं. डबा कॅनमध्ये रिकामा केला. नंतर मी बघत होते, शेवटचे दोन डबे त्यांनी फडक्याने तळ पुसून भरले.

वजन कमी करायला स्टार्टर, फ्लायव्हील, गिअरबॉक्स आधी सुटे केले. गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे चार बोल्ट रात्रभर डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीत गुंडाळून ठेवले होते. तीन निघाले, चौथा कापावा लागला. आता उचलायचं कसं? धाकट्याचं म्हणणं डोलकाठीला कप्पी बांधावी. मामा ताडकन उठले. "काठी वारा ओढायला असते. वारा बाजूने ओढतो, पूर्ण होडी ते ओझं घेते. तू सरळ खाली पाव टन लटकवणार, ते सगळं काठीच्या बुडाशी, एका ठिकाणी येणार. बुड फाटलं तर इंजिनाबरोबर होडीही गेली." शेवटी तीन जाड वाशांची घोडी उभी केली, तिचे पाय होडीबाहेर चिखलात फळ्यांवर, आणि शेंड्याला चेन कप्पी. साखळी कडकड वाजत गेली आणि इंजिन बोटभर, मग वीतभर वर आलं. पस्तीस वर्षं जिथे बसलं होतं तिथून सुटताना त्याने एक लांब चिकट आवाज केला.

खाली त्याची जागा उघडी पडली.

पठाणाच्या, म्हणजे होडीच्या कण्याच्या, दोन्ही बाजूंना दोन जाड सागवानी तुळया होत्या, तेलाने काळ्या झालेल्या, आठ फूट लांब. इंजिन जेमतेम तीन फुटांचं. धाकट्याने टेप लावली. नव्या इंजिनाचे पाय जवळ जवळ होते, या तुळयांवर बसणार नव्हते. "या कापून काढू आणि लोखंडी फ्रेम वेल्ड करून टाकू. एका दिवसात होईल."

मामा वाकले आणि तुळईवरून हात फिरवत पुढे गेले. "ही एका ओंडक्याची जोडी आहे. मी आणि तुझ्या बापाने चिरली. प्रत्येक वाकावर, होडीच्या बरगडीवर, खाच घेऊन बसवलीय, एकही खिळा उभा नाही. मला सांग, पंखा फिरतो आणि होडी पुढे जाते. पंखा होडीला नेमका कुठे ढकलतो?"

धाकटा क्षणभर थांबला. "शाफ्टमधून गिअरबॉक्सला. तिथून इंजिनाच्या पायांना."

"आणि पायांतून?"

"याला." त्याने तुळईवर हात ठेवला.

"सगळी होडी इथून ढकलली जाते. म्हणून आठ फूट. ओझं सात वाकांवर वाटलं जातं. तू तीन फुटी लोखंड ठेवलंस तर तेच ओझं दोन वाकांवर येईल. पहिला पावसाळा निघेल. दुसऱ्याला फळ्यांचे सांधे पाझरायला लागतील आणि तू फळ्यांना दोष देशील."

हे बोलणं ऐकताना मला प्रथमच समजलं की मामा इतके दिवस 'उतरवू नको' का म्हणत होते. इंजिनावर त्यांचा जीव होता असं आम्ही धरून चाललो होतो. जीव या दोन तुळयांवर होता. इंजिन बदललं की नव्या इंजिनाच्या मापाने होडी कापतात हे त्यांनी शेकडो वेळा बघितलं होतं. धाकट्याला इंजिन बदलायचं होतं कारण ब्लॉक कुजला होता. मामांना भीती होती की कुजलेल्याबरोबर चांगलंही जाईल. दोघंही बरोबर होते, फक्त वेगवेगळ्या वस्तूंकडे बोट दाखवत होते.

मग काम एकत्र सुरू झालं. डाव्या तुळईत एका बोल्टभोवती लाकूड मऊ झालं होतं. तेवढाच भाग काढून तिरका सांधा घेऊन नवा साग बसवला. आतल्या बाजूने जाड सागाचे ठोकळे जोडून जागा अरुंद केली आणि वर पट्टी टाकून तिच्यात आटे पाडले. लोखंड आलं, पण सागाच्या खांद्यावर.

इंजिन आल्यावर एका संध्याकाळी धाकटा घरी गप्प बसला. नवं कपलिंग पंचवीस मिलिमीटरचं होतं; जुना शाफ्ट एक इंची. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फरक, पण शाफ्ट आत जात नव्हता. दुसरी गोष्ट त्याहून वाईट: जुन्या गिअरचा पंखा पुढे जाताना डावीकडे फिरायचा, नव्याचा उजवीकडे. जुना पंखा तसाच ठेवला असता तर पुढचा गिअर टाकल्यावर होडी मागे गेली असती. दोन्ही चुका त्याच्याच होत्या, मापं घेताना घाई केली होती, आणि त्याने त्या मामांना जाऊन सांगितल्या. मामा रागावले नाहीत. वसईला लेथवर कपलिंगचं भोक वाढवून घेतलं. पंखा नवा घेतला, आणि तो घेताना मामांनी त्याला शिकवलं की पिच जास्त झाला तर इंजिन आपल्या पूर्ण फेऱ्यांवर चढतच नाही, काळा धूर ओकतं. बैलाला झेपणार नाही एवढा नांगर खोल घातल्यासारखं.

ऑगस्टमध्ये, नारळी पुनवेच्या उधाणावर, होडी पाण्यात गेली. धाकट्याने शाफ्टची लाइन किनाऱ्यावरच घेतली होती. कपलिंगच्या दोन चकत्या एकमेकींना कशा टेकतात ते बघायचं असतं. चार इंची चकतीला चार थाऊपर्यंत फट चालते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, चार थाऊ म्हणजे साधारण कागदाची जाडी. त्याने वर, खाली, दोन्ही बाजूंना मोजून दोनवर आणली होती. काम सुबक होतं. मामांनी ते बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. दोन दिवस बोल्ट आवळू नको."

"का?"

"होडी अजून जमिनीवरची आहे."

दोन दिवसांनी संध्याकाळी आम्ही तिघं गेलो. होडी नांगरावर डुलत होती. धाकट्याने फीलर गेजची पाती उलगडली, चार थाऊचं पातं कपलिंगच्या वरच्या बाजूला घातलं. ते सैल हललं. आठचं घातलं. तेही गेलं. अकराचं अडकलं. त्याने बॅटरी माझ्या हातातून घेतली, स्वतः वाकून बघितलं, परत दिली.

"मी नीट मोजलं होतं."

"नीटच मोजलं होतंस. दोन महिने होडी लाकडी टेकूंवर होती, पोट टेकूंवर, दोन्ही टोकं लोंबत. पाण्यात तिला सगळीकडून सारखा आधार मिळतो. ती आता आपल्या आकारात आली." मामा त्याच्या शेजारी बसले. "पुढच्या डाव्या पायाचा नट. पाव फेरा. जास्त नको."

धाकट्याने पाना फिरवला. पातं घातलं. पुन्हा पाव फेरा. मग उजवा. मामा बोलत नव्हते. पात्याचा बारीक घासल्याचा आवाज ऐकत होते. बाहेर पाणजूच्या बाजूने भरती चढत होती आणि होडीखालून जाताना फळ्यांना थपथप लागत होती. वर चार, खाली तीन, डावीकडे चार, उजवीकडे तीन.

"आवळू?"

मामांनी पातं हातात घेतलं, सदऱ्याला पुसलं, चारही बाजूंनी स्वतः एकदा फिरवून बघितलं. मग पात्यांचा जुडगा मिटून धाकट्याच्या खिशात ठेवला.

"आज नको. लाकूड अजून पाणी पितंय. उद्या परत बघू."